चार नग आणि एक जिना

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे साडेतीन महिन्यांसाठी परदेशी निघालो, तेव्हा तिकिटावर माणशी 23 किलोचे दोन नग नेण्याची मुभा छापलेली होती. दोघांचे मिळून चार नग, म्हणजे 92 किलो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दांडिया बाजारातील आमच्या घराच्या ओसरीवर चारही बॅगा ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचे एकूण वजन 91 किलो 400 ग्रॅम भरले होते. यजमानांना या आकड्याचा फार अभिमान वाटला. अजून सहाशे ग्रॅम शिल्लक आहेत, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, आणि त्याचा परिणाम इतकाच झाला की शेजारच्या बेन लेस्टरमधल्या आपल्या भाच्यासाठी अर्धा किलो लीलो चेवडो घेऊन आल्या. "बस आटलुं ज छे," असे म्हणत त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

प्रवासाचा बेत असा होता: बडोद्याहून मुंबई, तेथून लंडन, मग लेस्टरला मुलीकडे सात आठवडे, त्यानंतर रेल्वेने म्युनिकला भाच्याकडे, मध्ये दहा दिवस स्वित्झर्लंड, पुन्हा लेस्टर आणि वर्षअखेरीस परत. या संपूर्ण मार्गात विमानाचे प्रवास दोनच होते. बाकी सगळे अंतर आगगाड्या, टॅक्सी, फलाट आणि जिने यांचे होते. तरीही सामानाचा हिशेब आम्ही केला तो केवळ विमानाच्या आकड्यावरून. त्या आकड्यातून विमान कंपनी किती उचलणार एवढेच कळते. बासष्ट वर्षांची बाई आणि तिचा गुडघा दुखणारा नवरा किती उचलतील, याच्याशी त्या आकड्याचा काहीही संबंध नसतो. ही साधी गोष्ट लक्षात येण्यासाठी आम्हाला जर्मनीतल्या एका जिन्यापर्यंत जावे लागले.

परत आल्यावर मी वहीत त्या 91 किलोंची फोड मांडून पाहिली. आमचे कपडे आणि पादत्राणे 27 किलो. खाण्याचे पदार्थ 23 किलो. इतरांनी इतरांसाठी दिलेल्या पुड्या, डबे आणि पाकिटे 13 किलो. आमच्या स्वतःच्या भेटवस्तू 9 किलो. उरलेले किरकोळ. आणि चार रिकाम्या बॅगांचे वजन 18 किलो! कडक कवचाची मोठी बॅग रिकामी असतानाच साडेचार-पाच किलोंची असते, म्हणजे 23 किलोंच्या मुभेतील पाचवा हिस्सा दुकानातच खर्ची पडतो. बॅग घेताना आपण रंग पाहतो, चाके फिरवून पाहतो, कुलूप लावून पाहतो. रिकाम्या बॅगेचे वजन विचारणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिलेले नाही.

घरी वजन करण्याची रीत मात्र चांगली जमली होती, म्हणून ती सांगते. आकड्याला बॅग अडकवून उचलण्याचा हातकाटा स्वस्त मिळतो, पण हात थरथरला की आकडा हलतो. आम्ही आमच्या काट्याची परीक्षा कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घेतली, तेव्हा तो चारशे ग्रॅम कमी दाखवतो असे आढळले. त्यामुळे प्रत्येक नगात निदान किलोभर जागा सोडावी, असे मी म्हणत होते. यजमानांच्या मते तो अपव्यय होता. मुंबईच्या खिडकीवर एक बॅग 23 किलो 700 ग्रॅम भरली आणि सगळ्या रांगेसमोर उघडावी लागली, हे येथे नोंदवून ठेवते. दुसऱ्या बॅगेत वजन कमी आहे, असे सांगून भागत नाही. नगांच्या पद्धतीत प्रत्येक नगाचा हिशेब वेगळा असतो, आणि वजनाची बेरीज चालते ती ज्या मार्गांवर एकूण किलो ठरवून देतात तेथेच. तुमच्या तिकिटावर यांपैकी कोणती पद्धत आहे, ते बॅगा काढण्यापूर्वीच वाचावे. जादा पैसे भरण्याची तयारी असली, तरी एक नग 32 किलोंच्या वर सहसा स्वीकारत नाहीत, कारण तो उचलणारा शेवटी माणूसच असतो. आणि जादा सामान न्यायचेच असेल, तर आधी संकेतस्थळावरून त्याचे पैसे भरलेले बरे. खिडकीवरचा दर बहुधा अधिक असतो.

हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल मला विशेष राग आहे. या पिशव्यांनी आकार घटतो, वजन रतीभरही घटत नाही. उलट, बॅगेत मोकळी जागा दिसते आणि ती जागा भरण्यावाचून आपल्या पिढीला राहवत नाही. माझ्या बॅगेत अशा तीन पिशव्या होत्या, आणि त्यांच्यामुळे झालेल्या जागेत मी तीन लिटरचा प्रेशर कुकर बसवला. मुलीच्या घरी दोन कुकर आहेत, हे मला ठाऊक होते.

इतरांच्या वस्तू हा नाजूक विषय आहे. बडोद्यात परदेशी नातेवाईक नसलेले घर शोधावे लागेल, आणि आपण निघतो आहोत ही बातमी राजमहाल रोडपासून मांडवीपर्यंत पोचायला दोन दिवस पुरतात. नाही म्हणणे जड जाते, कारण उद्या आपल्यालाही कोणाकडून तरी काही मागवायचे असते. मी मात्र एक अट घातली होती आणि ती आजही सोडणार नाही: चिकटपट्टीने बंद केलेले पाकीट घेणार नाही, आतली वस्तू माझ्यासमोर उघडून दाखवावी लागेल. विमानतळावर बॅग तुम्ही स्वतः भरली का, आणि कोणी काही दिले का, असे विचारतात, तेव्हा खोटे बोलण्याची वेळ येऊ नये. या अटीमुळे एक काकू रुसल्या. पण एका डब्यात मला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सापडल्या. खोबऱ्यात तेल पुष्कळ असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. गोड्या मसाल्यासाठी जपून ठेवलेल्या वाट्यांबद्दल आपल्याला असे काही सुचतही नाही. दुसऱ्या डब्यात साजूक तूप आणि खव्याचे पेढे होते. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तेही परत केले. पेढ्यांचा डबा परत करताना झालेला संवाद मी येथे लिहीत नाही.

फोन भारण्याचा पॉवर बँक तळाच्या बॅगेत गेला होता, ही चूक मात्र माझी. सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली जाणाऱ्या सामानात चालत नाहीत, त्या हाताशीच ठेवाव्या लागतात आणि त्यांची क्षमता साधारणपणे 100 वॉट-अवर्सच्या आत असावी लागते. आमच्या यंत्रावर 20,000 मिलिअँपिअर-अवर्स लिहिले होते, त्याला 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागले की 74 वॉट-अवर्स येतात, म्हणजे ते नियमात बसत होते, फक्त चुकीच्या बॅगेत होते. साडेतीन महिन्यांची औषधे मी सुरुवातीपासून हातबॅगेतच ठेवली होती. त्यांच्यासोबत डॉक्टरांनी औषधांच्या मूळ नावांसह लिहून दिलेला कागद होता.

बडोद्याहून मुंबईला विमानाने जाण्याचा विचार आम्ही सोडून दिला होता. ते तिकीट वेगळे काढले असते, तर देशांतर्गत प्रवासाची 15 किलोंची मर्यादा लागली असती. एकाच तिकिटावर पुढचा परदेशप्रवास जोडलेला असेल तरच परदेशप्रवासाची मुभा सुरुवातीपासून मिळते. रेल्वेच्या वातानुकूलित दुसऱ्या वर्गात माणशी 50 किलो सामान फुकट नेता येते, म्हणून रात्रीची गाडी धरली. येथवर हिशेब बरोबर होता. चुकला तो मुंबईत, कारण टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते आणि टाकीच्या पुढे एकच मोठी बॅग मावते, हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. एक बॅग डिकीत, एक पुढच्या आसनावर, दोन टपावर दोरीने बांधलेल्या, अशा थाटात आम्ही विमानतळावर पोचलो. लहानपणी वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या घेऊन आम्ही पुण्याला जात असू, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की तेव्हा ट्रंकेची दुसरी कडी धरायला घरात माणसे होती.

लेस्टरला पोचल्यावर खाण्याच्या 23 किलोंचा निकाल दोन दिवसांत लागला. 1972 मध्ये युगांडातून हुसकावून लावलेली हजारो गुजराती कुटुंबे या गावी येऊन वसली, आणि तेथील बेलग्रेव्ह रोडवर बेसनापासून सुरतीपापडीपर्यंत सर्व काही मिळते. मी बडोद्याहून नेलेला रवा, पोहे, साबुदाणा, तूरडाळ आणि खाखरे त्या रस्त्यावरच्या दुकानात जसेच्या तसे मांडलेले होते. शेजारच्या बेनचा भाचा चेवडो न्यायला आला, तेव्हा त्यानेही संकोचून तेच सांगितले. मुलीला खरोखर हवे होते ते तीनच पदार्थ: गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. तिघांचे मिळून वजन पावणेतीन किलो. ज्या गावी जायचे तेथे काय मिळते, हा प्रश्न आम्ही मुलीला फोनवर रोज बोलत असूनही कधी विचारला नाही, कारण आईने काय आणावे हे मुलीने सांगायचे नसते, असा आमचा समज.

नोव्हेंबरच्या सुरुवातीस म्युनिकला निघालो तेव्हा चारऐवजी दोन मोठ्या बॅगा घेतल्या, आणि आपण शहाणे झालो असे आम्हाला वाटले. शिवाय प्रत्येकी एक लहान बॅग होतीच. लेस्टरहून सुटणारी गाडी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच येते आणि युरोस्टारही तेथूनच सुटते, त्यामुळे पहिला टप्पा सोपा गेला. युरोस्टारमध्ये 85 सेंटिमीटरपर्यंत लांबीचे दोन नग आणि एक हातपिशवी चालते आणि वजन कोणी करत नाही. पण सामान स्वतःच डब्यात चढवायचे असते, स्वतःच फळीवर ठेवायचे असते, आणि हमाल नावाची संस्था तेथे नाही. आपल्या स्थानकावरच्या लाल डगल्यांची किंमत मला ब्रुसेल्समध्ये कळली.

कोलोनच्या पुढे एका जंक्शनवर आम्हाला गाडी बदलायची होती आणि हाताशी नऊ मिनिटे होती. फलाटाच्या टोकाला लिफ्ट होती. तिच्या दारावर बंद असल्याचा कागद चिकटवलेला होता. खाली भुयारात उतरण्यासाठी जिना, भुयार ओलांडल्यावर पलीकडच्या फलाटावर चढण्यासाठी पुन्हा जिना. मी पायऱ्या मोजल्या, कारण एका वेळी एकच बॅग दोघांनी धरून न्यावी लागत होती: उतरताना एकोणतीस, चढताना एकोणतीस. पहिली बॅग खाली ठेवून दुसरीसाठी वर यायचे, तोवर पहिलीकडे लक्ष कोणी द्यायचे, हा प्रश्न शाळेत घातलेल्या वाघ, शेळी आणि गवताच्या कोड्यासारखा होता. शेवटी मी खाली उभी राहिले आणि यजमानांनी 21 किलोंची दुसरी बॅग एकट्याने पायरी-पायरीवर आपटत आणली, त्यात तिचे एक चाक निखळले. वर चढताना एका तरुण मुलीने न विचारता बॅगेचा खालचा भाग उचलला. गाडी मिळाली, पण पुढचे दोन दिवस त्यांचा गुडघा सुजलेला होता.

म्युनिकला भाच्याच्या घरी आम्ही दोन्ही बॅगा पलंगावर पालथ्या केल्या आणि सामान दोन ढिगांत वेगळे केले. एका ढिगात जेथे राहायचे तेथेच लागणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात रोज अंगावर आणि हाताशी लागणाऱ्या. दुसरा ढीग दोन लहान बॅगांत सहज मावला. माझी साडेआठ किलो, यांची साडेनऊ. "मावशी, मग बाकीचे कशासाठी आणले होते?" असे भाच्याने विचारले. त्याचा हेतू चिडवण्याचा नव्हता, म्हणून अधिक लागले. त्या दिवसापासून आम्ही एक बॅग मुक्कामी आणि एक फिरती असे ठरवून टाकले: मुक्कामी बॅग नातेवाइकाच्या घरी राहते, फिरती बॅग आपल्यासोबत, आणि फिरत्या बॅगेचे वजन ठरते ते संपूर्ण मार्गातील सर्वांत अवघड जागेवरून. आपल्यापैकी एकाला एका हाताने, दुसऱ्या हातात कठडा धरून, तीस पायऱ्या जेवढे वजन नेता येईल तेवढेच तिच्यात भरायचे. घरीच, दांडिया बाजारातल्या आमच्या माडीच्या जिन्यावर, ही परीक्षा घेता आली असती.

स्वित्झर्लंडमध्ये त्याहून सुखाचा अनुभव आला. तेथील रेल्वे एका स्थानकावर बॅग घेऊन दुसऱ्या स्थानकावर पोचवते. 25 किलोंपर्यंतचा नग चालतो, त्यासाठी वेगळे शुल्क पडते आणि बॅग मिळायला दोन दिवस धरावे लागतात. आम्ही झुरिकला यांची बॅग स्वाधीन केली, ल्युसर्नला दोन रात्री एका पिशवीवर काढल्या, आणि इंटरलाकेनला ती आमच्याआधीच येऊन बसली होती. परतीच्या वाटेवर कोलोनला चार तास होते. त्या स्थानकावर सामान ठेवण्याची यंत्रणा पाहण्यासारखी आहे: बॅग कप्प्यात ठेवून पैसे भरले की दार बंद होते, बॅग जमिनीखालच्या गोदामात जाते, आणि चिठ्ठी घातली की पुन्हा वर येते. स्थानकाला लागूनच 157 मीटर उंचीचे कॅथीड्रल आहे आणि त्याच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत. यजमान खालीच बसले. मी रिकाम्या हाताने थोड्या चढून परत आले.

थंडीच्या कपड्यांविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण सप्टेंबर ते डिसेंबर या प्रवासात खरी अडचण त्यांचीच असते. बडोद्यात मिळणारा जाड कोट दोन किलोंचा असतो आणि तेथील थंडीला तरीही पुरत नाही. आम्ही कोट नेले नाहीत, ही आमच्या हातून झालेली एकमेव शहाणपणाची गोष्ट. लेस्टरमध्ये धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने गल्लोगल्ली आहेत. तेथे दोघांचे उत्तम लोकरी कोट घेतले, अडीच महिने वापरले आणि निघण्याच्या आदल्या दिवशी धुऊन त्याच दुकानात दान देऊन आलो. जुना कपडा घालण्याबद्दल यांनी पहिले दोन दिवस कुरकुर केली. नंतर तोच कोट परत देताना त्यांनाच जड गेले.

चाक तुटलेली बॅग भाच्याकडे कायमची राहिली. तेव्हा परतीला तीन मोठ्या बॅगा उरल्या, आणि नेलेले पदार्थ व भेटी संपल्यामुळे त्या हलक्या असायला हव्या होत्या. परंतु मुलींच्या घरातून निघणाऱ्या आयांच्या बॅगा कधी हलक्या नसतात. "आई, हे आता इथे कोणी वापरत नाही, तू घेऊन जा," असे म्हणत तिने कॉलेजची पुस्तके, दोन ब्लँकेटे आणि बडोद्याहून मीच तीन वर्षांपूर्वी आणलेला इडलीपात्राचा संच पुढे केला. पुस्तके घेतली, इडलीपात्र तेथेच ठेवण्याबद्दल मी ठाम राहिले.

मुंबईच्या पट्ट्यावर दोनच बॅगा आल्या. तिसरीची वाट पाहत तास गेला. अशा वेळी कस्टमच्या बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रारीचा फॉर्म भरून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. एकदा बाहेर पडल्यावर बॅग आलीच नव्हती हे पटवून देणे कठीण जाते. बॅगेच्या चिठ्ठीचा तुकडा बोर्डिंग पासाच्या मागे चिकटवलेला होता, आणि भरलेल्या उघड्या बॅगेचा फोटो मुलीच्या आग्रहामुळे फोनमध्ये होता. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठीचा 1999 चा माँट्रिअल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार बॅग मोडली-फाटली असेल तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि 21 दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. जुन्या वॉर्सा करारात ही भरपाई सामानाच्या किलोवर मोजत असत, हे वाचून यजमान काही वेळ गंभीर झाले.

बॅग तिसऱ्या दिवशी दुपारी बडोद्याला घरपोच आली. कुलूप शाबूत होते. यजमानांनी ती ओसरीवर घेतली आणि आधी हातकाटा मागितला. तो याच बॅगेत होता. म्हणून बॅग उघडली, तळातून काटा काढला, पुस्तके नीट लावून बॅग पुन्हा बंद केली आणि उचलून पाहिली. 22 किलो 600 ग्रॅम. चारशे ग्रॅम वाया गेले, असे ते म्हणाले.